एकच नजर, तीन अंतरं: एका वकिलाच्या दोन छंदांचं प्रकरण

हे प्रकरण ५२ वर्षांच्या एका दिवाणी वकिलाचं आहे. त्यांच्या संमतीनं लिहितो आहे, नाव-गाव मात्र बाजूला ठेवलं आहे. इथे त्यांना वकीलसाहेब म्हणू. दिवसभर दस्तऐवज वाचायचे, रात्री जुनी टपाल तिकिटं तपासायची आणि आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी १० मीटर एअर पिस्तूलचा सराव करायचा, असा त्यांचा वीसेक वर्षांचा शिरस्ता. हौस म्हणून चाळवायचे छंद नव्हेत हे. तिकिटांचं प्रदर्शन ते स्पर्धेत मांडतात आणि पिस्तूल घेऊन ज्येष्ठ गटाच्या सामन्यांना उतरतात.

साधारण दीड वर्षाच्या काळात तिन्हीकडे घसरण सुरू झाली. नेमबाजीत ६००पैकी ५६८-५७०च्या आसपास असणारा स्कोअर ५६०वर आला आणि तिथून हलेना. तिकिटांच्या प्रदर्शनात परीक्षकांच्या तज्ज्ञ गटानं एका महत्त्वाच्या तिकिटावर बोट ठेवलं आणि ते बनावट निघालं. कोर्टात काही चुकलं नाही, पण ऑफिसातल्या ज्युनिअरच्या लक्षात आलं की सर हल्ली फाइल उचलून खिडकीपाशी जातात आणि दुपारनंतरचं वाचन तिच्यावर सोपवतात.

आजूबाजूच्यांनी निदान झटपट करून टाकलं. क्लबातले म्हणाले, दडपण येतंय, शेवटच्या शॉट्सना हात कापतो. तिकीटवाले म्हणाले, घाई झाली. घरचे म्हणाले, वय झालं, आता दोन्हीतलं एक सोडा. मी या प्रकरणात आलो तो नेमबाजीच्या बाजूनं, त्यांच्या सामन्यांच्या नोंदी तपासायला. त्या नोंदींनी वेगळंच काही सांगितलं.

एअर पिस्तूलच्या सामन्यात ६० शॉट्स असतात, दहा-दहाच्या सहा सिरीज. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर वेळ ७५ मिनिटं, त्याआधी तयारी आणि साइटिंगसाठी, म्हणजे नेम जुळवण्याच्या न मोजलेल्या शॉट्ससाठी, १५ मिनिटं. पिस्तूल एकाच हातात धरायचं, ट्रिगरवर किमान ५०० ग्रॅम भार हवा. टार्गेटच्या मध्यावरच्या, दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर. वकीलसाहेबांच्या एका ठरावीक सामन्याच्या सिरीज अशा होत्या: ९६, ९५, ९५, ९४, ९१, ८९. एकूण ५६०. दडपणानं बिघडणारा नेमबाज अनेकदा सुरुवातीलाच बिघडतो. पहिल्या दहात एखादा सात-आठ जातो आणि मग तो सावरतो. इथे उलट होतं. पहिले चाळीस शॉट्स जवळपास पूर्वीसारखे, गळती सगळी शेवटच्या वीसमध्ये. इलेक्ट्रॉनिक टार्गेट प्रत्येक शॉटची जागा नोंदवतं, म्हणून आणखी एक गोष्ट दिसली. या वीस शॉट्सचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा पुंजका, आडवा पसरलेला नव्हता, वर-खाली ताणलेला होता. ट्रिगर हिसकला गेला तर शॉट साधारणपणे बाजूला आणि खाली जातात. वर आणि खाली, दोन्हीकडे, असा पसारा वेगळ्या कारणाकडे बोट दाखवतो.

पिस्तूल नेमबाजीत नेम धरणं म्हणजे काय, ते इथे सांगायला हवं, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं की नजर टार्गेटवर असते. नसते. नजर पिस्तुलाच्या टोकावरच्या फ्रंट साइटवर, म्हणजे नेम धरायच्या उभ्या पट्टीवर असते. मागच्या साइटच्या खाचेत फ्रंट साइट दोन्ही बाजूंना सारखा उजेड ठेवून, माथे एका रेषेत आणून बसवायची आणि टार्गेटचा काळा गोल पुढे धूसर तरंगू द्यायचा. हिशेब सोपा आहे. दोन साइट्समधलं अंतर साधारण ३५ सेंटिमीटर. फ्रंट साइट खाचेत अर्धा मिलिमीटर वर-खाली झाली तर १० मीटरवर शॉट १४ मिलिमीटर सरकतो आणि दहाचा नऊ होतो. एक मिलिमीटर चुकली तर २८ मिलिमीटर, म्हणजे थेट सात. याउलट साइट्स नीट जुळलेल्या असताना सगळा हातच हलून नेम पाच मिलिमीटर ढळला, तरी दहाच मिळतो. म्हणून अनुभवी नेमबाज हाताच्या डुलण्याला घाबरत नाही, फ्रंट साइट पुसट झाली की घाबरतो.

आणि वकीलसाहेबांची फ्रंट साइट चाळिसाव्या शॉटनंतर पुसट होत होती. त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं, कारण डोळ्यांच्या तपासणीत सगळं व्यवस्थित आलं होतं. दूरचं स्वच्छ, जवळचं चष्म्यानं स्वच्छ. तपासणीत तक्त्याचं अंतर सहा मीटर धरतात आणि वाचनाचा कागद ४० सेंटिमीटरवर. फ्रंट साइट असते हाताच्या टोकाला, डोळ्यापासून सुमारे ७५ सेंटिमीटरवर. या अंतराची चौकशी कुणी केलीच नव्हती आणि करायला सांगावं हे त्यांनाही सुचलं नव्हतं.

डोळ्यातलं नैसर्गिक भिंग वयाबरोबर ताठर होतं आणि जवळच्या वस्तूवर केंद्रित होण्याची ताकद कमी होत जाते. हॉफस्टेटर या दृष्टितज्ज्ञाचं एक जुनं सूत्र आजही वापरतात: सरासरी ताकद म्हणजे १८.५ वजा वयाच्या ०.३ पट, डायॉप्टर या भिंगाची ताकद मोजण्याच्या एककात. ५२व्या वर्षी हा आकडा २.९ येतो. प्रत्येक डोळा सूत्राबरहुकूम वागत नाही, पण अंदाजाला पुरतं. दृष्टितज्ज्ञांचा दुसरा ठोकताळा असा की आरामात बराच वेळ पाहायचं तर यातली निम्मी ताकद राखीव राहायला हवी. म्हणजे वापरायला उरली सुमारे १.४५. आणि ७५ सेंटिमीटरवरची फ्रंट साइट स्पष्ट पाहायला लागतात १.३३. काठोकाठ. डोळा ताजा असताना जमतं. दिवसभर दस्तऐवज वाचून संध्याकाळी रेंजवर आलेल्या माणसाला तासाभरानं जमत नाही. सिरीजचे आकडे नेमकं हेच सांगत होते.

वर-खाली पसाऱ्याचा उलगडा व्हिडिओनं केला. बाजूनं चित्रण करून पहिली आणि सहावी सिरीज शेजारी-शेजारी लावून पाहिली. शेवटच्या शॉट्सना वकीलसाहेबांची हनुवटी हळूहळू वर जात होती. ते कोर्टात वापरतात तो प्रोग्रेसिव्ह चष्मा घालूनच रेंजवर उभे राहत. अशा चष्म्यात वरचा भाग दूरचा, खालचा वाचनाचा आणि मधे दोन्हींना जोडणारा अरुंद पट्टा असतो. डोळा थकला की मान आपोआप मागे झुकते आणि नजर त्या मधल्या पट्ट्याचा शोध घेते. कळतही नाही. पण डोक्याची जागा बदलली की साइट्सचं चित्र बदलतं, मानेचे स्नायू ताणले जातात आणि दर शॉटला थोड्या वेगळ्या नंबरातून पाहिलं जातं. त्यात पिस्तूल नेमबाज टार्गेटला बाजू देऊन उभा राहतो, मान वळवून पाहतो, म्हणजे नजर काचेच्या मध्यातून न जाता कडेनं तिरकी जाते. प्रोग्रेसिव्ह काचेत कडेलाच प्रतिमा सर्वाधिक विस्कटते. कोर्टासाठी उत्तम असलेला हा चष्मा रेंजवर त्यांचं रोजचं नुकसान करत होता.

आता तिकिटाकडे वळतो. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग इथे आहे.

वकीलसाहेबांचा संग्रह व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या ब्रिटिश एक पेनीच्या तिकिटांचा. १८४०च्या मे महिन्यात आलेलं पेनी ब्लॅक आणि १८४१पासूनचं पेनी रेड ही सुरुवातीला बिनछिद्रांची होती, पोस्टातला माणूस कात्रीनं कापून द्यायचा. हेन्री आर्चर नावाच्या माणसानं १८४७मध्ये दोन तिकिटांमधल्या जागेत भोकं पाडणाऱ्या यंत्राची कल्पना टपाल खात्यापुढे मांडली, बरीच वर्षं खटपट केली आणि शेवटी सरकारनं १८५३मध्ये त्याचे हक्क ४,००० पौंडांना घेतले. १८५४पासून सच्छिद्र तिकिटं अधिकृतपणे आली, आधी १६ मापाची, मग १४ची. माप म्हणजे दोन सेंटिमीटरमध्ये किती छिद्रं. ते मोजण्याची पट्टी १८६६मध्ये पॅरिसच्या डॉक्टर लग्रां यांनी सुचवली आणि संग्राहक आजही तेच माप वापरतात. अधिकृत तिकिटांच्या आधी आर्चरच्या यंत्रानं प्रायोगिक छिद्रं पाडलेली काही पानं वापरात आली होती. ती तिकिटं दुर्मीळ आणि महाग. साहजिकच साध्या बिनछिद्र पेनी रेडला घरी भोकं पाडून 'आर्चर' म्हणून विकण्याचा धंदाही जुना.

वकीलसाहेबांचं तिकीट असंच निघालं. पाच फ्रेमच्या, म्हणजे पाच मांडणी-फलकांच्या, प्रदर्शनातला तो मानाचा नग होता. आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या गुणांकनात मांडणी आणि विषयाचं महत्त्व यांना ३०, ज्ञान आणि संशोधनाला ३५, स्थिती आणि दुर्मीळता यांना ३० आणि सादरीकरणाला ५ गुण असतात. एका बनावट नगाचा फटका एकाच रकान्यात बसत नाही. दुर्मीळता जाते ती जातेच, शिवाय ज्ञानाच्या रकान्यातही प्रश्न उभा राहतो. सुवर्णाला ९० गुण लागतात, त्यांना थोरल्या व्हर्मेलवर, म्हणजे सुवर्णाच्या लगेच खालच्या पदकावर, थांबावं लागलं.

प्रश्न असा की वीस वर्षं परफोरेशन, म्हणजे कडेची छिद्रं, मोजणाऱ्या माणसाला हे दिसलं कसं नाही? उत्तर पुन्हा डोळ्यात सापडलं, पण उलट्या वाटेनं. दहापट भिंग डोळ्याजवळ धरून पाहताना वस्तू भिंगाच्या केंद्राशी, अडीच सेंटिमीटरवर असते आणि डोळ्याला स्वतःची ताकद जवळजवळ लावावीच लागत नाही. चाळिशी लागलेल्यालाही दहापट भिंगातून विशीतल्या इतकंच स्पष्ट दिसतं. त्यामुळे उघड्या डोळ्यानं पाहणं जसजसं त्रासाचं होत गेलं, तसतसे वकीलसाहेब सगळं काम भिंगावर ढकलत गेले. भिंगातून तिकिटाच्या कडेचा एकेक दात सुंदर दिसतो. पण अशा भिंगात एका वेळी जेमतेम एक कड मावते. बनावट छिद्रं ओळखण्याची पहिली पायरी मात्र तिकीट अखंड पाहण्याची आहे. समोरासमोरच्या कडा समांतर आहेत का? तिकीट सोबत्यांपेक्षा लहान आहे का? बिनछिद्र तिकिटाच्या कडेला भोकं पाडायची तर कागद त्याच्याच समासातून खर्ची पडतो आणि त्या पानांवर दोन तिकिटांमधली जागा फार थोडी असे. त्यामुळे असं तिकीट बहुतेक आखूड भरतं. हे शेजारी चार अस्सल तिकिटं ठेवली की हातभर अंतरावरून कळतं. दुसरं, तिकिटाच्या कोपऱ्यात छापलेली अक्षरं. आर्चरची छिद्रं ठरावीक छपाई-प्लेट्सच्या पानांवरच पडली, त्या प्लेट्सच्या अक्षरांचं वळण ठरलेलं आहे. भिंगाचं काम त्यानंतरचं: अस्सल तिकिटात फाडल्यामुळे दातांच्या टोकांना कागदाचे तंतू विसकटलेले असतात, नकलीत टोकं कापल्यासारखी बोथट दिसतात. वकीलसाहेबांनी तिसऱ्या पायरीनं सुरुवात केली होती आणि तिथे एका कुशल हातानं त्यांना फसवलं.

इथे एक आठवण करून द्यावीशी वाटते. तज्ज्ञांची फसगत ही या क्षेत्राला नवी नाही. १९४२मध्ये फ्रान्सच्या सीमाशुल्क खात्यानं जाँ द स्पेराती या तिकिटांच्या नकला करणाऱ्याचं लिस्बनला निघालेलं तिकिटांचं पाकीट अडवलं. मौल्यवान माल परवानगीशिवाय बाहेर नेल्याचा आरोप ठेवला. स्पेरातीचा बचाव होता की ही तिकिटं मीच बनवली आहेत, त्यांना किंमत नाही. आणि सरकारी बाजूचे तज्ज्ञ ती अस्सल असल्याचं सांगत होते. त्याची युक्ती अशी की तो त्याच काळातल्या स्वस्त तिकिटाची शाई उडवून त्याच कागदावर महाग तिकीट छापायचा. कागद खरा, कधी शिक्काही खरा. वकीलसाहेब हा खटला फार आपुलकीनं सांगतात. कागद खरा असला म्हणजे मजकूर खरा ठरत नाही, हे दिवाणी वकिलाला वेगळं शिकवावं लागत नाही.

उपाय ठरवताना पहिला निर्णय त्यांनी स्वतः घेतला, काहीही सोडायचं नाही. मला तो पटला. वकिली, तिकिटं आणि मैदान एकाच आयुष्यात नांदल्याचा दाखला या क्षेत्रात आहेच. टॉमस टॅपलिंग बॅरिस्टर झाला, पुढे घरचा व्यापार सांभाळला, ब्रिटिश संसदेत बसला, एमसीसीकडून प्रथम श्रेणीचं क्रिकेट खेळला आणि १८९१मध्ये अवघ्या ३५व्या वर्षी गेला तेव्हा ब्रिटिश म्युझियमसाठी जो तिकीटसंग्रह ठेवून गेला, तो आज ब्रिटिश लायब्ररीत अखंड आहे. लंडनच्या फिलॅटेलिक सोसायटीचा अध्यक्ष राहिलेला फिलब्रिक हाही कायद्याचाच माणूस, पुढे न्यायाधीश झाला. वेळ वाटली गेली म्हणून कामं बिघडतात हे सरसकट खरं नाही. इथे तर बिघडलं होतं ते एका अंतराचं गणित.

नेमबाजीसाठी वेगळा चष्मा केला. एकच नंबर असलेली काच, दूरच्या नंबरात +०.५०ची भर आणि मुख्य म्हणजे नेमबाजीची फ्रेम, जिच्यात काच फिरवून नजरेच्या रेषेला काटकोनात बसवता येते. भर १.३३ची का नाही, हा प्रश्न तिथल्या तिथे आला. तेवढी दिली तर फ्रंट साइट डोळ्याला काहीच न करता स्पष्ट दिसेल, पण काळा गोल इतका विरघळेल की त्याच्याखाली नेमाची जागाच ठरवता येणार नाही. +०.५०मुळे डोळ्यावरचा भार १.३३वरून ०.८३वर आला. उरलेलं काम थकल्या डोळ्यालाही झेपतं. त्यासोबत काचेपुढे आयरिस, म्हणजे लहान-मोठं करता येणारं छिद्र असलेली चकती, लावली, बारीक छिद्रातून पाहिलं की जवळचं आणि दूरचं एकाच वेळी जास्त स्पष्ट होतं. अर्थात उजेड कमी होतो. म्हणून ती फार आवळायची नाही, हे त्यांना दोन-तीनदा सांगावं लागलं. पिस्तुलावर दृष्टिदोषाची काच बसवायला नियमात परवानगी नाही, नेमबाजाच्या डोळ्यावर ती चालते, म्हणून सगळी जुळवाजुळव चष्म्यातच करावी लागली.

सरावाची वेळ बदलली. संध्याकाळचा लाइव्ह सराव आठवड्यातून एकदाच ठेवला, बाकीचा सकाळी, कोर्टाच्या आधी. घरचा ड्राय सराव, म्हणजे गोळी न झाडता केलेला, पांढऱ्या भिंतीसमोर, टार्गेटशिवाय, फक्त फ्रंट साइटची वरची कड पाहत. तिकिटांचं काम रात्रीच्या दिव्याखालून सुट्टीच्या दिवशी खिडकीतल्या उजेडात आलं आणि भिंग हाती घेण्याआधी तिकीट सोबत्यांच्या रांगेत ठेवून पाहायची पायरी सक्तीची झाली. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसरही होतं आणि निळ्या-जांभळ्या छटांतला फरक कमी कळतो. पेनी रेडच्या छटा ओळखण्यात वकीलसाहेब वाकबगार आहेत, पण आता ते छटेचा निर्णय नमुन्याच्या तिकिटांशी ताडल्याशिवाय लिहीत नाहीत.

या सगळ्यात एक अनपेक्षित वळण आलं, ते सांगितलंच पाहिजे. सविस्तर तपासणीत डोळ्यातला दाब वाढलेला आढळला. काचबिंदूच्या दिशेनं जाण्याचा धोका. डॉक्टरांनी टिमोलॉलचे थेंब सुचवले, या आजारात सर्रास दिलं जाणारं चांगलं औषध. पण टिमोलॉल बीटा ब्लॉकर गटातलं आहे आणि नेमबाजीत हा गट स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही निषिद्ध आहे, कारण तो हृदयाचे ठोके आणि हाताचा कंप कमी करतो. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जाँग-सू याची दोन पदकं याच गटातल्या प्रोप्रॅनोलॉलमुळे काढून घेतली गेली. डोळ्यात टाकायचे थेंब म्हणून सूट मिळत नाही. उत्तेजक-विरोधी नियमांत नियमभंग झाला का हे ठरवताना हेतू विचारला जात नाही, शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. वकीलसाहेबांनी औषधाच्या चिठ्ठीवरचं नाव निषिद्ध यादीशी ताडून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना खेळाबद्दल सांगितलं. डॉक्टरांनी लॅटानोप्रोस्ट दिलं. ते बीटा ब्लॉकर नाही, निषिद्धही नाही. इथे मी एक गोष्ट ठासून सांगेन. पर्यायी औषध मिळालं म्हणून बरं झालं. न मिळतं तर पिस्तूल सोडून थेंब घ्यायचे, थेंब सोडून पिस्तूल घ्यायचं नाही. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. वकीलसाहेबांचंही मत हेच होतं आणि त्यांनी ते डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी घरी बोलून दाखवलं होतं.

परिणाम लगेच दिसले नाहीत. नव्या चष्म्यासह पहिले काही आठवडे स्कोअर उलट खाली गेला, कारण मानेची जुनी सवय सुटत नव्हती. चष्म्यात मधला पट्टाच नाही, तरी हनुवटी तो शोधायला वर जायची. दर दहा शॉट्सनंतर पिस्तूल खाली ठेवायचं, डोळे मिटायचे आणि डोकं पुन्हा जागेवर आणायचं, असा क्रम बसवला. सुमारे तीन महिन्यांनी शेवटच्या दोन सिरीज ९४-९५वर स्थिरावल्या. पहिल्या चार सिरीजमध्ये फारसा फरक पडला नाही आणि पडायला नकोच होता. एकूण स्कोअर पुन्हा ५६८च्या आसपास आहे. व्हिडिओत आता पहिल्या आणि सहाव्या सिरीजमधलं डोकं एकाच जागी असतं.

बनावट तिकीट खरेदीला इतकी वर्षं झाली होती की विक्रेत्याकडे परत जाण्याची मुदत केव्हाच उलटली होती. त्यांनी ते प्रदर्शनातून काढून नमुन्यांच्या वहीत ठेवलं, मागे पेन्सिलीनं बनावट असल्याची नोंद करून, म्हणजे त्यांच्या पश्चात कुणी ते पुन्हा अस्सल म्हणून विकू नये. प्रदर्शनात त्या जागी प्रमाणपत्र असलेलं १८५४चं १६ मापाचं तिकीट आलं. ते आर्चरइतकं दुर्मीळ नाही, त्यामुळे दुर्मीळतेचे गुण काही काळ कमीच राहतील. ऑफिसात वाचनासाठी आणि कॉम्प्युटरसाठी वेगवेगळे चष्मे आले आहेत आणि दुपारच्या फाइल्स ते स्वतः वाचतात.

हॉफस्टेटरच्या सूत्रानं ५५व्या वर्षी त्यांची सरासरी ताकद २.० डायॉप्टर होईल. तेव्हा निम्म्याच्या ठोकताळ्यानं वापरायला उरेल १.०, आणि +०.५०च्या काचेसह गरज आहे ०.८३ची. तोपर्यंत हीच काच चालायला हरकत नाही. त्यानंतर +०.७५ करून पाहावी लागेल आणि काळा गोल त्यांना पुरेसा दिसतो का, हे रेंजवर उभं राहूनच ठरवावं लागेल. डोळ्यातला दाब दर सहा महिन्यांनी मोजायचा आहे, ती तारीख त्यांच्या कोर्टाच्या डायरीत सुनावण्यांच्या बरोबरीनं लिहिलेली असते.